गाठ ओळखताना

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास चुकलेल्या निदानापासून सुरू होतो. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी १८४३ साली चार्ल्स क्ले या शल्यविशारदाने अंडाशयाची गाठ काढण्यासाठी एका स्त्रीचे पोट उघडले. आत दिसली ती गर्भाशयाची गाठ. क्ले यांनी गर्भाशयाचा वरचा भाग काढला, परंतु ती स्त्री वाचली नाही. दहा वर्षांनी, १८५३ साली, अमेरिकेतील लोवेल या गिरणगावात वॉल्टर बर्नहॅम यांच्यापुढे हाच प्रसंग आला. शस्त्रक्रिया ठरली होती अंडाशयाच्या गाठीची आणि पोटात निघाली गर्भाशयाची फायब्रॉइड गाठ. ही रुग्ण मात्र बचावली. पोट उघडून गर्भाशय काढल्यानंतर रुग्ण जिवंत राहिल्याची ती पहिली नोंद मानली जाते. त्याच वर्षी त्याच गावात गिल्मन किंबॉल यांनी फायब्रॉइड आहे हे आधी ओळखून, ठरवून तशीच शस्त्रक्रिया केली आणि तीही यशस्वी झाली.

त्या डॉक्टरांजवळ हाताचा स्पर्श आणि अनुभव यांपलीकडे साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ सालचा. आज तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आहे, शहरात एमआरआय आहे, रक्ताच्या नाना तपासण्या आहेत. बहुसंख्य फायब्रॉइड त्यामुळे सहज ओळखता येतात. तरीही काही गाठी आजदेखील अनुभवी डॉक्टरांना चकवतात. साधी गाठ कर्करोगासारखी दिसते आणि क्वचित कर्करोग साध्या गाठीसारखा दिसतो. पहिल्या चुकीत स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय विनाकारण जातात, तर दुसऱ्या चुकीत तिचा जीव धोक्यात येतो. अशा फसव्या गाठी कोणत्या, त्या कशा ओळखल्या जातात आणि निदान पक्के होईपर्यंत कुटुंबाने कोणता निर्णय घाईने घेऊ नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नेहमीची फायब्रॉइड

गर्भाशयाची भिंत प्रामुख्याने स्नायूंची बनलेली असते. त्या स्नायूंतील एखाद्या पेशीची बेसुमार वाढ होऊन जो घट्ट गोळा तयार होतो, तो फायब्रॉइड. ही गाठ तंतूंची नसून स्नायूंची आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. नाव मात्र तंतूंचेच रूढ झाले.

ही गाठ अत्यंत सामान्य आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना लहानमोठी फायब्रॉइड झालेली असते. त्यांतील अनेकींना तिचा कोणताही त्रास होत नाही आणि तिचा पत्ताही लागत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांवर ती पोसली जाते, म्हणून पाळी कायमची थांबल्यावर ती बहुधा आकसते.

सोनोग्राफीत नेहमीची फायब्रॉइड गोल, रेखीव कडेची आणि सभोवतालच्या स्नायूंपेक्षा किंचित गडद दिसते. कापून पाहिल्यास आत पांढुरकी, भोवऱ्यासारखी वळणे आढळतात. गाठ गर्भाशयाच्या आतल्या अस्तराजवळ असेल तर रक्तस्राव जास्त होतो. ती भिंतीत असेल तर गर्भाशय मोठे होते, आणि बाहेरच्या बाजूस असेल तर मूत्राशयावर किंवा आतड्यावर दाब येतो. येथपर्यंत सारे सरळ आहे. गाठीची जागा किंवा तिच्या आतील द्रव्य बदलले, म्हणजे गुंतागुंत सुरू होते.

जागेमुळे होणारी फसगत

गर्भाशयाच्या बाहेरील आवरणाखालची गाठ वाढता वाढता देठावर लोंबू लागते. देठ लांब व बारीक असला की गाठ गर्भाशयापासून दूर, नेमकी अंडाशयाच्या जागी जाऊन बसते. सोनोग्राफीत गाठ दिसते, देठ दिसत नाही. मग अहवालात अंडाशयाच्या घट्ट गाठीची शक्यता लिहिली जाते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना जे पडद्यासारखे बंध असतात, त्यांच्या पदरांमध्ये वाढणारी फायब्रॉइडही अशीच फसवते. क्वचित देठावरची गाठ पोटातील चरबीच्या पडद्याला चिकटते, तेथून नवा रक्तपुरवठा मिळवते आणि मूळ देठ तुटून गर्भाशयापासून पूर्णपणे वेगळी होते. अशा गाठीला परजीवी फायब्रॉइड म्हणतात. ती आतड्याची किंवा पोटाच्या आवरणाची गाठ समजली जाण्याचा संभव असतो.

येथे अनुभवी सोनोग्राफीतज्ज्ञ दोन गोष्टी शोधतो. पहिली म्हणजे दोन्ही अंडाशय स्वतंत्रपणे दिसतात काय. ते गाठीपासून वेगळे आणि धडधाकट दिसले, तर गाठ अंडाशयाची नसण्याची शक्यता बळावते. दुसरी म्हणजे गाठीला रक्त कोठून मिळते. रंगीत डॉप्लर तपासणीत गर्भाशयाकडून गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पुलासारख्या पसरलेल्या दिसल्या, तर गाठीचे मूळ गर्भाशयात आहे असे मानण्यास सबळ आधार मिळतो. माल कोणाचा हे पोत्यावरील चिठ्ठीपेक्षा तो कोणत्या पेढीवरून निघाला यावरून अधिक खात्रीने ठरते, तसेच हे आहे.

आतील द्रव्य बदलते तेव्हा

गाठ वाढते त्या वेगाने तिचा रक्तपुरवठा वाढत नाही. पोषण अपुरे पडले की आतील पेशी मरतात आणि त्यांच्या जागी दुसरे द्रव्य साचते. त्याला अपकर्ष म्हणतात. काचेसारखे अर्धपारदर्शक द्रव्य साचणे हा त्याचा सर्वांत सामान्य प्रकार होय. काही गाठींत हे द्रव्य विरघळून पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. अशी अर्धी घट्ट, अर्धी पाणीदार गाठ अंडाशयाच्या कर्करोगासारखी दिसू शकते. काहींत बुळबुळीत, श्लेष्मल द्रव्य साचते. उतारवयात गाठीत कॅल्शियम जमून ती दगडासारखी होते आणि साध्या एक्स-रेमध्येही दिसते.

गर्भारपणात होणारा लाल अपकर्ष हा याच जातीचा. गाठीतील शिरा बंद पडून आत रक्त साकळते. अचानक तीव्र पोटदुखी, ताप, उलट्या अशी लक्षणे उद्भवतात आणि घरचे लोक अपेंडिक्सच्या भीतीने घाबरून जातात. निदान नीट झाले तर बहुतेक वेळा विश्रांती व वेदनाशामक औषधे यांवरच भागते आणि गर्भाला इजा न होता दुखणे शमते.

आणखी एक प्रकार म्हणजे चरबीयुक्त फायब्रॉइड. ती बहुधा पाळी थांबलेल्या स्त्रियांत आढळते. अंडाशयात केस, दात, चरबी असलेली डर्मॉइड नावाची जी गाठ होते, तिच्याशी हिची गल्लत होते. एमआरआयमध्ये चरबी ओळखता येते आणि गाठ गर्भाशयाच्या आत आहे की अंडाशयात, हेही उमगते. गर्भाशयात असेल तर काळजीचे कारण उरत नाही.

भीती वाढवणारा आकडा

समजा, ३८ वर्षांच्या एका गृहिणीचे पोट काही महिन्यांत फुगले आहे. सोनोग्राफीत ओटीपोटात घट्ट व पाणीदार अशी संमिश्र गाठ आणि पोटात पाणी दिसते. रक्तातील सीए-१२५ या द्रव्याचे प्रमाण ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. हे तीन कागद एकत्र ठेवले की कोणाच्याही मनात प्रथम अंडाशयाच्या कर्करोगाचाच विचार येतो. तो येणे योग्यही आहे, कारण तो रोग गंभीर आहे आणि तपासणीस विलंब परवडत नाही.

परंतु ही तिन्ही लक्षणे साध्या गाठीतही एकत्र येऊ शकतात. बॉस्टनचे डॉ. जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी १९३७ साली अंडाशयाच्या एका निरुपद्रवी गाठीसोबत पोटात आणि छातीत पाणी साठल्याच्या रुग्णांचे वर्णन केले. गाठ काढताच पाणी आपोआप नाहीसे झाले. पुढे असे दिसून आले की गर्भाशयाची फायब्रॉइड, विशेषतः अपकर्ष झालेली, क्वचित हाच देखावा निर्माण करते, आणि त्या वेळी सीए-१२५ देखील वाढलेले असू शकते. या अवस्थेला आभासी मेग्ज लक्षणसमूह म्हणतात.

सीए-१२५ ही कर्करोगाची पावती नव्हे. पोटातील आवरण कोणत्याही कारणाने चेतवले गेले की हे प्रमाण वाढू शकते. पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, एंडोमेट्रिऑसिस या विकारात आणि आपल्या देशात विसरता न येणाऱ्या पोटाच्या क्षयरोगातही ते वाढते. क्षयरोगावर तर पोट न उघडता औषधांनी उपचार होतात. म्हणून तरुण स्त्रीच्या बाबतीत केवळ या आकड्यावरून दोन्ही अंडाशय आणि गर्भाशय काढण्याचे ठरवणे हे एका नोंदीवरून साऱ्या वर्षाचा ताळेबंद मांडण्यासारखे आहे. पोटातील पाणी काढून त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत काय, क्षयरोगाची चिन्हे आहेत काय हे पाहता येते. एमआरआयने गाठीचे मूळ तपासता येते. हे दोन्ही झाल्यावर त्या गृहिणीच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटू शकते.

दूरवर जाणाऱ्या, तरीही साध्या गाठी

काही दुर्मीळ फायब्रॉइडचे वर्तन पाहता त्या साध्या आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते. एका प्रकारात गाठीचे स्नायू गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरतात आणि दोरासारखे वाढत मोठ्या महाशिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचतात. अशा स्त्रीला धाप लागते, चक्कर येते. हृदयाच्या तपासणीत रक्ताची गुठळी किंवा हृदयातील गाठ असल्याचे वाटते. मूळ गर्भाशयात आहे, हे ध्यानात येण्यासाठी तिला फायब्रॉइड होती किंवा तिचे गर्भाशय काढले आहे, ही जुनी माहिती हृदयतज्ज्ञाला मिळावी लागते.

दुसऱ्या प्रकारात फायब्रॉइडची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही वर्षांनी छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांत गोल गोल गाठी दिसतात. कर्करोग पसरल्याचे हेच चित्र असते. पण बायोप्सीत गर्भाशयाच्या स्नायूंसारख्याच शांत पेशी आढळतात आणि त्यांवर स्त्री-हार्मोनांचे ग्राहक असतात. तिसऱ्या प्रकारात पोटाच्या आवरणावर असंख्य छोट्या गाठी विखुरतात. पोट उघडणाऱ्या शल्यविशारदाला तो पसरलेला कर्करोगच वाटतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या साध्या स्नायूंच्या गाठी ठरतात.

सर्वांत विस्मयकारक प्रकार १९९६ साली अमेरिकेतील रॉथ, रीड आणि स्टर्नबर्ग या तिघांनी वर्णन केला. या गाठीचा बाहेरचा भाग लालसर आणि द्राक्षांच्या घडासारखा फुगीर असतो, आणि तो हुबेहूब वारेसारखा दिसतो. ती गर्भाशयाच्या भिंतीत फटी पाडत जाते आणि बाहेर ओटीपोटात पसरते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती पाहणाऱ्यास घातक गाठ वाटली तर नवल नाही. तरीही ती निरुपद्रवी आहे. तिची ओळख ठाऊक असलेला पॅथॉलॉजिस्ट शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा तपासून तसे कळवू शकला, तर तरुण स्त्रीचे अंडाशय आणि कधीकधी गर्भाशयही वाचते.

उलट बाजू

आतापर्यंत साध्या गाठींच्या भयंकर रूपांविषयी सांगितले. एवढेच वाचून कोणी निश्चिंत झाले, तर ते घातक ठरेल. गर्भाशयाच्या स्नायूंचाच एक कर्करोग आहे, त्याला लायोमायोसार्कोमा म्हणतात. तो दुर्मीळ आहे, परंतु सोनोग्राफीत तो साध्या फायब्रॉइडसारखा दिसू शकतो.

डॉ. एमी रीड या अमेरिकेतील बॉस्टन शहरी भूलतज्ज्ञ होत्या. त्या सहा मुलांच्या आई होत्या. २०१३ साली, वयाच्या ४० व्या वर्षी, फायब्रॉइडसाठी त्यांचे गर्भाशय दुर्बिणीतून काढण्यात आले. लहान छिद्रातून मोठे गर्भाशय बाहेर काढण्यासाठी मॉर्सेलेटर हे वेगाने फिरणाऱ्या पात्याचे यंत्र वापरून त्याचे पोटातच तुकडे करण्यात आले. नंतरच्या तपासणीत गाठीत लायोमायोसार्कोमा निघाला. तुकडे करताना त्याचे कण पोटात विखुरले गेल्याने रोग बळावला, असे त्यांनी आणि त्यांच्या पतीने मांडले. ते स्वतः हृदयशल्यविशारद होते. या दोघांनी मग इतर स्त्रियांसाठी या यंत्राविरुद्ध मोहीम उभारली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये हे यंत्र वापरू नये असा सल्ला दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अधिक कडक इशारा जारी केला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गाठीत न ओळखलेला सार्कोमा असू शकतो, असा त्या प्रशासनाचा अंदाज होता. पुढील काही अभ्यासांनी हे प्रमाण यापेक्षा बरेच कमी सांगितले. प्रमाणाविषयी मतभेद असले तरी गाठीचे कण पोटात सांडू नयेत, यावर एकमत झाले. २०२० साली त्याच प्रशासनाने असे यंत्र वापरायचेच झाल्यास बंद पिशवीच्या आतच वापरावे, अशी सूचना केली. डॉ. रीड यांचे मे २०१७ मध्ये निधन झाले.

धोक्याची काही चिन्हे मात्र लक्षात ठेवता येतात. पाळी कायमची थांबली आहे, हार्मोनची औषधे चालू नाहीत, आणि तरीही गाठ वाढते आहे, हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, पूर्वी ओटीपोटावर किरणोपचार झालेले असणे किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन दीर्घकाळ घेतलेले असणे, हीही सावध करणारी चिन्हे आहेत. याउलट, पाळी चालू असलेल्या स्त्रीची गाठ केवळ झपाट्याने वाढली, म्हणून तिला कर्करोग मानण्याचे कारण नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गाठ वेगाने वाढली म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या ३७१ स्त्रियांपैकी केवळ एकीच्या गाठीत सार्कोमा निघाला होता.

निदानाची साखळी

कोणत्या तपासणीने काय कळते आणि काय कळत नाही, हे कुटुंबाला ठाऊक असले की डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते. सोनोग्राफी स्वस्त, निर्धोक आणि पहिली पायरी आहे. परंतु ती करणाऱ्याच्या कौशल्यावर पुष्कळ अवलंबून असते आणि मोठ्या गाठीत तिची नजर अडते. अविवाहित मुलींच्या बाबतीत योनिमार्गे तपासणी सहसा केली जात नाही, पोटावरूनच करतात. त्यामुळे चित्र अस्पष्ट राहिले तर एमआरआयचा पर्याय विचारावा. संकोचापोटी तपासणीच टाळू नये.

एमआरआयमध्ये नेहमीची फायब्रॉइड एका ठराविक प्रतिमेत गडद काळी दिसते. अपकर्ष, चरबी, रक्त यांच्या छटा वेगवेगळ्या उमटतात. गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तराच्या पेशी रुजून होणारा अ‍ॅडिनोमायोसिस हा विकार फायब्रॉइडपासून वेगळा काढण्यासही एमआरआयची मोठी मदत होते. गाठीच्या कडा अस्पष्ट असणे, आत रक्तस्राव असणे आणि पेशींची दाटी दाखवणाऱ्या डिफ्यूजन प्रतिमेत ठराविक बदल दिसणे, यांवरून सार्कोमाचा संशय घेता येतो. तो संशयच असतो. अपकर्ष झालेली साधी गाठही असा देखावा करू शकते.

मग सुईने तुकडा काढून आधीच का तपासत नाहीत, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. अंडाशयाच्या संशयित गाठीला सुई टोचली तर तिच्यातील पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. गर्भाशयाच्या मोठ्या गाठीत सुई नेमकी घातक भागात पोचेलच याची खात्री नसते. म्हणून सुईचा अहवाल स्वच्छ आला तरी तो शेवटचा शब्द ठरत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना मात्र अनियमित रक्तस्रावात आधी तपासणे योग्य असते. त्यातून काही कर्करोग वेळेत सापडतात.

शेवटचा निर्णय काढलेल्या गाठीच्या तपासणीतून होतो. पॅथॉलॉजिस्ट मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. पेशींचे केंद्रक किती विचित्र झाले आहे, पेशी किती वेगाने विभागत आहेत आणि गाठीत एका विशिष्ट प्रकारे पेशी मेल्या आहेत काय. या कसोट्यांचा मेळ घालून गाठ साधी की घातक हे ठरते. कधीकधी त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि अहवालात अनिश्चित स्वरूपाची गाठ असा शेरा येतो. हा शेरा डॉक्टरांच्या अज्ञानाचा नव्हे. तो प्रामाणिक निष्कर्ष आहे आणि त्याचा अर्थ वर्षानुवर्षे नियमित तपासणी करावयाची, असा आहे. शस्त्रक्रिया चालू असताना अर्ध्या तासात दिला जाणारा गोठवलेल्या तुकड्याचा अहवाल उपयुक्त असला तरी तो तात्पुरता असतो. काही दिवसांनी येणारा अंतिम अहवालच प्रमाण मानावा.

घराण्याची माहिती

एक गोष्ट कुटुंबच डॉक्टरांना सांगू शकते. विशीत किंवा तिशीच्या आरंभी अनेक मोठ्या फायब्रॉइड होणे, अंगावर थंडीत दुखणारे छोटे घट्ट पुरळ असणे आणि माहेरच्या कोणा नातलगास तरुणपणी मूत्रपिंडाचा कर्करोग झालेला असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्यास त्यामागे एफएच या जनुकातील आनुवंशिक दोष असू शकतो. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशी फायब्रॉइड सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळी दिसते. ती वेळीच ओळखली गेली, तर त्या स्त्रीच्या आणि तिच्या भावंडांच्या मूत्रपिंडांची नियमित तपासणी करून एक आक्रमक कर्करोग आरंभीच पकडता येतो. घराण्यातील आजारांविषयी सोयरिकीच्या भीतीने मौन पाळले जाते. त्या मौनाची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागू नये.

कुटुंबाने काय करावे

पहिली गोष्ट कागदांची. केवळ अहवाल नव्हे, तर सोनोग्राफी व एमआरआयच्या मूळ फिल्म अथवा सीडी तारखांसह जपून ठेवाव्यात. गाठ दोन वर्षांत किती वाढली, हे जुन्या फिल्मशिवाय कोणालाच सांगता येत नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा तपशील, पॅथॉलॉजीचा अहवाल, काचेच्या स्लाइड आणि मेणात जपलेले नमुने यांची चौकशी करावी. शंका राहिल्यास याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेता येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावच्या स्लाइडची अशी फेरतपासणी होते. एवढ्यासाठी नव्याने शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शांतपणे विचारावे. दोन्ही अंडाशय वेगळे दिसले काय? गाठ गर्भाशयाची की अंडाशयाची, याबद्दल शंका असल्यास एमआरआय उपयोगी पडेल काय? कर्करोगाचा संशय असल्यास शस्त्रक्रिया कर्करोगतज्ज्ञाने करावी काय? गाठ सबंध काढणार की तुकडे करून, आणि तुकडे करावयाचे असल्यास बंद पिशवीत करणार काय? साधी गाठ निघाल्यास अंडाशय ठेवणार काय? या प्रश्नांनी कोणताही चांगला डॉक्टर दुखावला जात नाही. प्रश्न पुरुषांनीच विचारावेत आणि जिचे शरीर आहे तिने मुकाट बसावे, ही रीत मात्र सोडून द्यावी. किती रक्त गेले, कधीपासून दुखते, मूल हवे आहे की नाही, हे तीच सांगू शकते.

तिसरी गोष्ट घाई आणि दिरंगाई यांची. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोगाची भीती दाखवून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या होत्या. भीती हा निदानाचा पर्याय होऊ शकत नाही. त्रास न देणारी, रेखीव, साधी फायब्रॉइड ठराविक काळाने तपासत राहणे हाही उपचारच आहे. दुसऱ्या टोकाला सुस्थित घरांतील स्त्रिया असतात. लग्नसराई होऊ दे, दिवाळीचा सीझन जाऊ दे, नातवाच्या परीक्षा संपू दे, असे म्हणत पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव त्या महिनोन् महिने अंगावर काढतात. हे लक्षण दिसले की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. घरात त्या आठवड्यात कोणते कार्य आहे, हा प्रश्न त्यापुढे गौण होय.

क्ले आणि बर्नहॅम यांच्याजवळ पोट उघडण्यापूर्वी गाठ ओळखण्याचा मार्ग नव्हता. आज तो आहे, परंतु तो एका कागदात सापडत नाही. स्त्रीची हकीकत, डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी, एमआरआय, रक्ताची चाचणी आणि पॅथॉलॉजिस्टची काच या सर्वांचा मेळ बसला तरच निदान पक्के होते. एखाद्याचाही मेळ बसत नसेल, तर तो का बसत नाही, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.